ओहोटीची पंगत

घरत डॉक्टर कुणालाही पहिल्यांदा भेटले की आधी त्याच्या मागे जाऊन उभे राहतात. समोरचा बिचारा हात पुढे करून उभा असतो आणि डॉक्टर अर्धी प्रदक्षिणा घालून त्याच्या पाठीशी पोचलेले असतात. जरासे वाकतात, एक डोळा मिटतात, कमरेखालच्या प्रदेशाचं निरीक्षण करतात. मग सावकाश पुढे येऊन नमस्कार करतात आणि आकडा सांगतात.

माझा आकडा साडेचार आला.

"पाचापैकी," ते म्हणाले. "व्वा! तुम्ही निघायला तयार हाय. वाटेत कुठं उतरायची गरज न्हाय. थेट सैबेरिया."

नागावात राहायला येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. शेजारी कसे असतील, या चिंतेत मी दारात उभा होतो, आणि पहिल्याच शेजाऱ्याने मला सैबेरियाला रवाना केलं. मला फक्त "आम्ही डोंबिवलीहून आलोय" एवढंच सुचलं.

"जनावराच्या अंगावर चरबी किती, त्याचे एक ते पाच गुण असतात," डॉक्टरांनी खुलासा केला. "शेपटीपाशी बघायचं. एक म्हणजे नुसती हाडं. आणि पाच म्हणजे..." माझ्याकडे बघून त्यांनी ते वाक्य मोठ्या मनाने अर्धंच सोडलं.

मागून आमची सुलभा खो खो हसत होती. तिला त्यांनी तीन गुण दिले आणि "वहिनी, तब्येत उत्तम" म्हणाले. संसारात कुणी उघडपणे माझ्यापेक्षा तिला कमी गुण दिले आणि ती खूष झाली, असा तो एकमेव प्रसंग.

घरत डॉक्टर म्हणजे ढोरांचे डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, अविवाहित, आमच्या कुंपणाला लागून असलेल्या कौलारू घरात एकटे राहणारे. मी ऑफिसात साधा कारकून होतो, पण ते मला पहिल्या दिवसापासून "मॅनेजर" म्हणतात. मीही ती चूक कधी दुरुस्त केली नाही. निवृत्तीनंतर बढती मिळत असेल तर कोण नको म्हणेल?

आम्ही नागावात आलो ते होमस्टे चालवायला. वाडीत नारळ-सुपारी होती, घर होतं आणि मागच्या बाजूला एक लांबट खोली होती. तिला मी एसी लावला, भिंतीवर डॉल्फिन काढून घेतले आणि 'हनिमून स्वीट' अशी पाटी ठोकली. पहिलं जोडपं आलं. मी त्यांना खोली दाखवत असताना डॉक्टर कुंपणावरून डोकावले.

"मॅनेजर, तो पलंग जिथं हाय ना, तिथं पाटलांची म्हैस अडली होती. पारडू आडवं आलेलं. मी खांद्यापर्यंत हात घालून..." पुढचं वर्णन त्यांनी हातवाऱ्यांसकट पूर्ण केलं. "वाचली दोघं! काय खरवस झाला होता त्या दिवशी!"

जोडपं संध्याकाळच्या बोटीने मुंबईला परत गेलं.

ती खोली पूर्वी गोठा होती, हे मला तोपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. पुढे कळलं की आमच्या आळीतल्या निम्म्या एसी खोल्या एकेकाळचे गोठेच आहेत. जमिनी विकल्या गेल्या, शेतात बंगले आले, म्हशी गेल्या. बंगल्यांना कुलपं. शनिवारी उघडतात, रविवारी बंद होतात. सोमवारी आळीतून चाललं की स्वतःच्याच चपलांचा आवाज ऐकू येतो. गाव होतं, समुद्र होता, डॉक्टर होते, फक्त डॉक्टरांना बोलवायला कुणाकडे जनावर उरलं नव्हतं.

म्हणून डॉक्टर पाखरांकडे वळले.

आमच्या गल्लीच्या टोकाला सुरूची झाडं आहेत. ती ओलांडली की समुद्र. ओहोटी लागली की पाणी लांब जातं आणि मागे ओली, चकचकीत वाळू उरते. हिवाळ्यात तिच्यावर बारकी बारकी पाखरं उतरतात. चिखल्या, टिलवे, तुतवार, आणि एखादा लांब वाकड्या चोचीचा कोरल. मला ती सगळी सारखीच दिसायची. करडी, घाईत असलेली, ऑफिसला उशीर झाल्यासारखी पळणारी. ती उत्तरेकडच्या कुठल्या कुठल्या थंड मुलखांतून येतात आणि उन्हाळ्यात परत जातात, हे मला डॉक्टरांनी सांगितलं. त्यांच्या दुर्बिणीच्या तिकाटण्याचा एक पाय मोडलेला आहे. त्याला त्यांनी गाईच्या पायाला बांधतात तशी खपची बांधली आहे. त्या दुर्बिणीतून ते प्रत्येक पाखराचं बूड तपासतात.

"शेपटीखाली बघा. पोट सपाट असेल तर उपाशी. फुगलं असेल तर प्रवासाची शिदोरी भरली. ह्या पाखरांना वाटेत एसटी न्हाय, टपरी न्हाय. अंगावरची चरबी हेच तिकीट. ती इथं भरायची."

आणि ती भरायची म्हणजे ओहोटीत वाळूतले किडे, वळवळे, बारके खेकडे खायचे. भरती आली की ताट उचललं. म्हणून डॉक्टरांचं सगळं आयुष्य ओहोटीवर चालतं. त्यांना "दुपारी या" म्हटलेलं कळत नाही. "सुकती लागल्यावर या" म्हणावं लागतं; सुकती म्हणजे ओहोटी.

ओहोटीच्या वेळी ते सुरूच्या झाडापासून सुंभाची एक दोरी लांबवर वाळूत ताणून ठेवतात आणि तिच्या कडेला उभे राहतात. कुणी पर्यटक पलीकडे पाऊल टाकू लागला की दोन्ही हात पसरतात.

"पंगत बसलीय! पंगत मोडू नका!"

पर्यटक बावचळतो. समोर पान नाही, पाट नाही, वाढपी नाही. मग डॉक्टर त्याला पाखरं दाखवतात आणि जाता जाता त्याच्या मागे जाऊन त्याचे गुणही सांगतात.

त्यांचं खरं भांडण संदेशशी. संदेश हा वाळूवर पळवायच्या चारचाकी बाईक भाड्याने देतो. मिशा भरघोस, आवाज त्याहून भरघोस.

"डॉक्टरकाका, तुमचं पावनं फुकटं. माझं पावनं पैसं देतात!"

"तुझे पाहुणे वडापाव खाऊन आलेत, माझे उपाशी आलेत."

"मंग त्यांना पन वडापाव द्या!"

"अरे, एसटी जेवायला थांबते. माणसं ताटावर बसतात. पहिला घास घेतला की कंडक्टर शिटी मारतो. धावत जाऊन बसायचं. गाडी हलतच न्हाय. परत उतरायचं, परत घास, परत शिटी. दिवसभर असं केलं तर तू काय करशील?"

"कंडक्टरला मारीन."

"तो कंडक्टर तू हायस."

संदेश मिशीतल्या मिशीत हसतो आणि बाईक वळवतो. पुढे मला म्हणाला, "आमची शेवटची म्हस यांच्याच हातात मेली, काका. आमच्यापेक्षा जास्त रडलं तं. त्यांना न्हाय कसा म्हनू?"

डॉक्टरांची एक गंमत सांगायची राहिली. ते कुणाकडे जेवायला येत नाहीत. सुलभाने किती वेळा बोलावलं. प्रत्येक वेळी त्यांचा एकच प्रश्न.

"कोण आजारी हाय?"

"कुणी नाही हो, मांजरसुद्धा ठणठणीत आहे. सहज."

"सहज जेवायला मी काय जावई हाय, वहिनी?"

सगळी नोकरी त्यांची हीच रीत. म्हैस व्यायली, बैलाच्या खुराला लागलं, बकरी फुगली, की बोलावणं यायचं. डॉक्टर मोटरसायकलवरून रेवदंड्यापर्यंतची गावं पालथी घालायचे. काम झालं की हात धुवायला गरम पाणी यायचं आणि मग घरच्या माणसांच्या रांगेत डॉक्टरांचं पान. उपचार न करता जेवले नाहीत आणि उपचार करून उपाशी परतले नाहीत. स्वतःच्या घरी चूल पेटवायची वेळच आली नाही. मी हे ऐकलं तेव्हा मला त्यांचा हेवा वाटला. आज याच्याकडे पापलेट, उद्या त्याच्याकडे वालाचं बिरडं. पुढचा हिशेब मी केला नाही. म्हशी गेल्या, तेव्हा डॉक्टरांची ताटं कुठे गेली?

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

एप्रिल लागला. पाखरं जायचे दिवस जवळ आले. डॉक्टर चिंतेत होते, कारण बरीचशी अजून तीनावर होती आणि चार झाल्याशिवाय त्यांना सोडायची डॉक्टरांची तयारी नव्हती. त्यातच सुट्ट्या जोडून आल्या आणि नागाव माणसांनी भरून गेलं. आणि नेमकं शनिवारी डॉक्टरांना काही कामासाठी अलिबागला जावं लागलं.

"मॅनेजर, आजची पंगत तुमच्यावर. दोरीपाशी उभं राहा. कुणाला पलीकडे सोडू नका. दुसरं कायपण करू नका."

दुसरं कायपण करू नका. माझ्यासारख्या माणसाला हे सांगणं म्हणजे शाळेतल्या पोराला घंटेपाशी बसवून 'वाजवू नको' सांगण्यासारखं आहे.

मी उभा राहिलो. लोकांना अडवलं. दोनदा "पंगत बसलीय" म्हणालो, ते बऱ्यापैकी जमलं. मग कंटाळा आला. पाखरं वाळूत चोच खुपसत होती, उपसत होती. मला त्यांची दया आली. एवढे कष्ट करून एक किडा! आणि मला मांडव्याच्या बोटीची आठवण झाली. गेटवेहून बोट सुटली की लोक वेफर्स आणि फरसाणातल्या गाठी हवेत फेकतात आणि पांढरे पक्षी त्या अलगद झेलतात. काय सुंदर दृश्य! आमच्या होमस्टेत पाहुण्यांसाठी आणलेलं फरसाण पडून होतं. मी विचार केला, डॉक्टर परत येतील तेव्हा सगळी पाखरं साडेचार! ते मला मिठी मारतील.

मी पळत घरी गेलो, फरसाणाचा डबा आणला आणि दोरी ओलांडून, वाढप्यासारखा वाकून, मुठी मुठीने वाढत सुटलो. "सावकाश जेवा" असंही म्हटलं असेन.

टिलव्यांनी फरसाणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते माझ्यापासून लांब सरकले. मग एक कावळा आला. त्याला फरसाण आवडलं. त्याने ते भावकीला कळवलं. कावळ्यांचा कल्ला ऐकून वरून घारी उतरल्या आणि घारींची सावली पडताच अख्खा थवा उडाला. थोडं पुढे बसला, तेवढ्यात गावातली कुत्री आली. पुन्हा उडाला. कुत्र्यांना हाकलायला मी धावलो, त्याने तिसऱ्यांदा उडाला. माझ्यामागे पाहुण्यांची पोरं धावली, पोरांमागे त्यांचे आईबाप. थवा पाण्यावर एक मोठा गोल घालून रेवदंड्याच्या बाजूला दिसेनासा झाला. रिकाम्या वाळूवर मी, रिकामा डबा आणि अत्यंत तृप्त कावळे.

डॉक्टर आले तेव्हा भरती लागली होती. मी आरडाओरडा ऐकायच्या तयारीत उभा होतो. डॉक्टर चिडले की त्यांचं 'पाणी' 'पानी' होतं आणि 'कोण' 'कोन' होतो. मला त्याची सवय होती. पण त्यांनी वाळूत बुडणारी एक गाठी उचलून पाहिली आणि अगदी शुद्ध, पुस्तकी भाषेत म्हणाले, "हे पक्षी शाकाहारी नाहीत, मॅनेजर."

बस. तिकाटणं खांद्यावर टाकलं आणि गेले. मला ते शुद्ध मराठी फार लागलं.

दुसऱ्या दिवशी ते दोरी बांधून उभे होते, पण माझ्याशी बोलले नाहीत. थवा आला. थोडा कमी वाटला. एक टिलवा मात्र थव्यापासून तुटून एका कडेला एकटाच होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "त्याला तिथे जास्त खायला मिळत असेल ना? वाटेकरी नाही कुणी."

दुर्बिणीतला डोळा न काढता डॉक्टर म्हणाले, "एकटं पाखरू नीट खात न्हाय. बघा त्याच्याकडे. एक घास घेतं, मान वर करतं. एक घास, मान वर. घार आली काय, कुत्रं आलं काय, सगळं त्यानं एकट्यानंच बघायचं. थव्यात कुणी ना कुणी बघत असतं, म्हणून बाकीचे मान खाली घालून जेवतात. समोर ताट भरलेलं असलं तरी एकट्याचं पोट भरत न्हाय, मॅनेजर."

'हाय' आणि 'न्हाय' परत आले म्हणून मला इतका आनंद झाला की बाकीचं मी नीट ऐकलंच नाही.

संध्याकाळी सुलभाने मला धारेवर धरलं. "नुसतं सॉरी म्हणून येऊ नका, हे घेऊन जा." तिने कोळंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या डब्यात घालून दिल्या. मी कुंपणाच्या फटीतून डॉक्टरांच्या मागच्या अंगणात शिरलो. पुढच्या दाराने जायची हिंमत नव्हती.

मागचं दार उघडं होतं. डॉक्टर ओट्यावर फाटकाकडे तोंड करून जेवायला बसले होते. ताटलीत चहात बुडवायची बटरं आणि थोडा कोरडा भात. शेजारी उपडी घातलेल्या ताटल्यांची चळत, धूळ बसलेली. त्यांनी एक घास घेतला. तेवढ्यात रस्त्यावरून एक रिक्षा गेली. डॉक्टरांनी मान वर करून फाटकाकडे पाहिलं. रिक्षा थांबली नाही. त्यांनी मान खाली घातली, एक घास घेतला. कुणाचं तरी कुत्रं भुंकलं. मान वर. फाटकाकडे. पुन्हा घास. मग शेजारच्या बंगल्याचा दरवाजा वाजला, मान वर.

मी डबा तसाच घेऊन परत आलो. सुलभाने विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "ते जेवत होते." म्हणजे खरं तर मला दुसरंच काहीतरी सांगायचं होतं.

पुढचे दिवस मी दोरीपाशी डॉक्टरांबरोबर उभा राहिलो. हात खिशात. संदेशनेही बाईक पलीकडच्या टोकाला नेल्या. "तुम्ही नुसतं फरसान टाकून पाखरं उडवलीत, मला निदान पेट्रोल जालावं लागतं," असा टोमणा त्याने मला गावभर मारला. पाखरांची पोटं मात्र फुगत गेली. मलासुद्धा दिसायला लागली. पिसांवर तांबूस रंग चढला. डॉक्टर पुटपुटायचे, "चार. हा चार. ही सव्वाचार, शाब्बास बाय."

आणि एका संध्याकाळी ती गेली. उजेड उतरत होता. थवा वाळूवर अस्वस्थ होता, नुसती किलबिल चालली होती. मग एकदम सगळा उठला. नेहमीसारखा गोल घालून परत बसला नाही. वर गेला, आणखी वर, लांबट झाला, आणि उत्तरेकडे वळला. आवाज बराच वेळ येत राहिला. मग तोही गेला.

"पंगत उठली," डॉक्टर म्हणाले.

ते आकाशाकडे बघत होते. मी त्यांच्या मागे उभा होतो. इतक्या दिवसांत त्यांच्या मागे उभं राहायची माझी ती पहिलीच वेळ. शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडलेली. त्यांनीच शिकवलं होतं तसा मी जरासा वाकलो, एक डोळा मिटला.

"दीड," मी म्हणालो.

"कोण दीड?" त्यांनी वर बघतच विचारलं. "गेली त्यात दीडवाला कुणी नव्हता."

"गेला नाही. मागे राहिलाय."

डॉक्टर वळले नाहीत. सुंभाची दोरी सोडवून हातावर गुंडाळत राहिले. शेवटचा वेढा घालत म्हणाले, "राहतात काही मागं. शिदोरी भरत न्हाय, मग इथंच उन्हाळा काढतात." आणि दोरी खांद्यावर टाकून घरी गेले.

त्याच रात्री जेवणाआधी मी त्यांच्या पुढच्या दारावर धडका मारल्या.

"डॉक्टर, लवकर चला! आमची मांजर अन्नाला शिवत नाही!"

ते आतून औषधांची जुनी पेटी घेऊन इतक्या चपळाईने बाहेर आले की मलाच अपराध्यासारखं झालं. आमची मांजर स्वयंपाकघरात कोळंबीची सालं खाऊन पसरली होती. डॉक्टरांनी तिला उचललं, डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं, मग रीतसर शेपटी वर करून पाहिली.

"हिचा पाच हाय, मॅनेजर."

"हो, पण मनातून खचलीये."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग सुलभाकडे. सुलभा हात धुवायला गरम पाणी घेऊन उभी होती, खांद्यावर टॉवेल. जमिनीवर पानं मांडली होती. तीन. मला वाटलं, आता पेटी उचलून निघतील.

त्यांनी सावकाश हात धुतले. "दोन-तीन दिवस येऊन बघावं लागेल हिला," असं मांजरीकडे बघत गंभीरपणे म्हणाले आणि मधल्या पानावर बसले.

मांजरीचा तो आजार अजून बरा झालेला नाही. भरती असो, ओहोटी असो, रोज तपासावं लागतं.

त्या पहिल्या रात्री सुलभाने भाकरी वाढली, कालवण वाढलं. बाहेर वाऱ्याने फाटक कर्रकन वाजलं. मी मान वर केली. सुलभाने केली. मांजरीनेसुद्धा केली.

डॉक्टर जेवत होते.